स्लाइड फिल्म सी-४१ मध्ये: वेळ, आयएसओ, स्कॅनिंग

रोल३६: प्रोव्हिया १००एफ ही स्लाइड फिल्म (थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी, एरवी ई-६ प्रक्रियेत धुतात) मुद्दाम घरच्या टँकमध्ये सी-४१ किटनं, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या रसायनांनी, धुवायची आहे. डेव्हलपरची वेळ बदलावी लागते का? मीटरवर आयएसओ किती ठेवू? आणि स्कॅनरवर 'कलर निगेटिव्ह' निवडायचं की आणखी काही?

अंधारखोली: वेळ तीच, ३७.८ अंशांना ३ मिनिटं १५ सेकंद. पुश, म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ, नकोच. स्लाइड फिल्मचा कॉन्ट्रास्ट मुळातच जास्त, सी-४१ मध्ये तो आणखी चढतो. मीटर १०० वर, फार तर ६४. एकाच फ्रेममध्ये कडक ऊन आणि गडद सावली घेतलीत तर एक टोक जाणारच. ढगाळ उजेडात हा प्रकार जास्त खुलतो.

रंग का बिघडतात? ई-६ च्या कलर डेव्हलपरमध्ये रंग घडवणारं रसायन सीडी-३ असतं, सी-४१ मध्ये सीडी-४. फिल्म पहिल्यासाठी बेतलेली. त्यामुळे तिन्ही रंगथरांचे कर्व्ह (उजेडानुसार रंग किती गडद होतो ते) जुळत नाहीत: सावलीत एक झाक, उजेडात दुसरी. एका फिल्टरनं ती निघत नाही, आणि मजा तीच आहे. प्रोव्हिया बहुधा हिरवट जाते, जुनी अ‍ॅग्फा प्रेसिसा निळी.

ब्लिक्सभाऊ: किटमध्ये ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्सर एकत्र) असेल तर वेळेत काटकसर करू नका. निगेटिव्ह गढूळ, काळपट दिसली तर चांदी उरलीय. ताज्या ब्लिक्समध्ये पुन्हा घाला, ते उजेडातही चालतं. बेस नारिंगी नसेल, बिचकू नका. निगेटिव्ह फिल्मला असतो तो नारिंगी मास्क स्लाइड फिल्मला नसतोच.

स्कॅनरचा घोळही तिथेच. 'कलर निगेटिव्ह' मोड नसलेला मास्क वजा करतो आणि स्वतःचीच झाक चढवतो. 'पॉझिटिव्ह' म्हणून १६ बिटमध्ये घ्या, ऑटो कलर बंद, मग उलटवा. लेव्हल्स तिन्ही चॅनलना एकत्र लावा. वेगवेगळ्या लावल्या की रंग सरळ होतात आणि सगळी मेहनत वाया.

रोल३६: आणि उलटं? निगेटिव्ह फिल्म ई-६ मध्ये?

अंधारखोली: कॉन्ट्रास्ट पडतो, नारिंगी मास्क स्लाइडवर तसाच राहतो. एक-दोन स्टॉप जास्त एक्स्पोजर आणि पहिल्या डेव्हलपरमध्ये पुश दिल्याशिवाय चित्र मरगळलेलंच येतं. मला तरी पहिला प्रकार भावतो.

ब्लिक्सभाऊ: सिनेमाच्या बऱ्याच निगेटिव्हना, निदान जुन्या रोलना, मागे रेमजेट नावाचा काजळीसारखा काळा थर असतो. तो सोड्याच्या पाण्यात आधी काढला नाही तर रसायनात उतरतो, म्हणून असा रोल न सांगता लॅबला देऊ नका. स्लाइडचा रोल देणार असाल तर डबीवर ठळक लिहा: 'ई-६ आहे, सी-४१ मध्येच धुवा'. नाहीतर ते बिचारे नेमानं ई-६ करून देतील.