मदत हवी आहे: के-मीन्समध्ये मधेच नॅन येतंय

मंडळी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले बसस्टॉप के-मीन्सने (प्रत्येक पॉइंट सगळ्यात जवळच्या सेंटरच्या गटात टाकायचा, मग गटाच्या सरासरीवरून नवं सेंटर काढायचं, असं फेऱ्याफेऱ्यांनी करायची पद्धत) गटांत टाकतोय, पायथनमध्ये. फॉर लूपवालं व्हर्जन हळू पण बरोबर चालतं, नमपायवालं (लूप न लिहिता सगळ्या आकड्यांवर एकदम हिशोब करणारी पायथनची लायब्ररी) एकदम फास्ट, पण के, म्हणजे गटांची संख्या, वाढवला की एखाद्या गटाचं सेंटर नॅन (म्हणजे ‘ही संख्याच नाही’ असं मूल्य) होतं आणि आर्गमिन (सगळ्यात लहान अंतर कुठल्या सेंटरचं ते सांगणारं नमपायचं फंक्शन) नॅनलाच सगळ्यात लहान धरतं ना, मग पुढच्याच फेरीत घणसोली काय नि कोपरी काय, सगळे स्टॉप त्याच एका गटात. माझा संशय रिकाम्या गटावर आहे, शून्य पॉइंटची सरासरी काढली जातेय. लूपमध्ये त्यासाठी इफ आहे. अशा वेळी जुनं सेंटर तसंच ठेवायचं की सगळ्यात लांबचा स्टॉप उचलून नवं करायचं? आणि नव्या पोरांना लूप पटकन वाचता येतो म्हणून मला तोच आवडतो, तुम्ही टीमसाठी कुठली स्टाइल ठेवता आणि का? प्लीज सांगा.