खंबीर, चिवट की धीराची? आत्तीसाठी शब्द हवा आहे

प्रश्न
माझी थोरली आत्ती गेल्या आठवड्यात वारली. गाव सांगोला तालुक्यातलं. ऐन तिशीत कपाळ पांढरं झालं, पदरात लहान पोरं, वर १९७२चा दुष्काळ. पाझर तलावाच्या कामावर तिने खडी फोडली आणि रेशनच्या तांबड्या मिलोवर, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीवर, घर जगवलं. वडील सांगायचे, मिलोच्या पिठाला विरी नसायची, थापता थापता भाकरी चिरायची. आत्ती आधणाचं पाणी घालून पीठ मळायची आणि अख्खी उतरलेली भाकरी पोरांना वाढायची, चिरलेली स्वतःला. "मोडकी भाकरी बघून पोरं हिरमुसत्यात," म्हणायची. तेराव्याला छोटी स्मरणपत्रिका छापतोय. चुलतभावाने 'खंबीर' लिहिलंय, मला 'चिवट' जवळचा वाटतो. जाणत्यांनी सांगावं.

उत्तर
दादा, आत्तींना नमस्कार. 'चिवट' तुम्ही मायेने म्हणताय, पण छापताना जपा. चिवट धागा, चिवट लाकूड, चिवट दुखणं. न तुटणारं आणि न सुटणारंही. क्रिकेटच्या बातम्यांनी 'चिवट झुंज'ला मान मिळवून दिला हे खरं. तरी म्हाताऱ्या माणसाला चिवट म्हटलं की 'जाता जात नाही' असा वास गावाकडे अजून येतो.

'काटक' शरीराचा शब्द. अंगाने किरकोळ, पण कष्टाला न हटणारी. खडी फोडणाऱ्या बाईला तो शोभतो, मात्र मनाचं काही सांगत नाही. 'खमकी' जिभेची आणि नजरेची. मापात मारणाऱ्या दुकानदाराला जागच्या जागी सुनावते ती खमकी. 'खंबीर' अर्थाने बरोबर आहे, पण 'खंबीर नेतृत्व', 'खंबीर भूमिका' वाचून वाचून त्यातलं माणूस हरवलंय.

आणि कुणी 'सोशिक' सुचवला तर हात जोडून नाही म्हणा. सोशिक म्हणजे मुकाट सोसणारी. आपल्या बायकांना हा शब्द फार सहज चिकटवला जातो आणि त्यांनी निभावलेलं सगळं त्याखाली झाकून जातं. आत्तींनी सोसलं, पण त्याहून जास्त केलं.

आणखी एक उत्तर
आमच्या पंढरपूर भागात अशा बाईला 'धीराची' म्हणतात. "बाई लई धीराची." धीर धरता येतो तसा देताही येतो, म्हणून हा शब्द मला इथे चपखल वाटतो. खंबीर माणूस स्वतः उभं राहतं; धीराचं माणूस शेजारच्यालाही उभं करतं. फक्त त्याला सजवून 'धीरोदात्त' करू नका, तो नाटकातल्या नायकाचा शब्द.

दोन बारीक गोष्टी. नुसतं 'आमच्या आत्ती' लिहिलंत तर आपल्याकडे बऱ्याच जणांना सासू वाटेल, कारण मामाच्या मुलीशी लग्न व्हायचं तिथे सुनेची आत्याच सासू व्हायची, आणि नातं नसलं तरी हाक तीच राहिली. 'वडिलांची थोरली बहीण' हे एकदा येऊ द्या. आणि नावाआधी 'गं. भा.' नको. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. निदान आपल्या पत्रिकेतून तरी वैधव्याची खूण जावी. 'कै.' पुरेसं आहे.

प्रश्नकर्ता
'धीराची' वाचलं आणि डोळे भरून आले. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा आत्ती येऊन राहिली होती. रोज सकाळी आईची वेणी घालताना म्हणायची, "मी हाय न्हवं." पत्रिकेत आता असं जातंय: 'वडिलांची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची आत्ती. मोठी धीराची होती.' घरचे 'होत्या' करा म्हणतात. पण तिला आयुष्यात कधी अहोजाहो केलं नाही, छापतानाही 'होती'च ठेवतोय.