तीन दिवसांच्या गोळ्या संपल्या, तरी हिवताप परत का आला?

प्रश्न (सोलापूर शहर)
माझे धाकटे बंधू यंत्रमागावर रात्रपाळी करतात. थंडी वाजून ताप आला तेव्हा जवळच्या एका खाजगी दवाखान्यात रक्त न तपासताच त्यांना इंजेक्शन दिले. ताप न उतरल्याने पुढे रक्त तपासले, त्यात व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप निघाला आणि क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या देऊन उपचार पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले. दोन महिन्यांनी पुन्हा तसाच ताप आला आहे. ही नवी लागण समजावी, की पहिल्या उपचारातच काही राहून गेले? शासनाच्या मार्गदर्शक सूचना खाजगी दवाखान्यांसाठी नसतात का?

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र)
नवी लागण नाकारता येत नाही. परंतु आपण सांगितलेल्या औषधांत प्रायमाक्विन नाही, हे मला अधिक गंभीर वाटते. व्हायव्हॅक्सचे परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि क्लोरोक्विन फक्त रक्तातील परजीवींवर चालते. म्हणूनच २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणात तीन दिवसांच्या क्लोरोक्विनसोबत यकृतातील परजीवी मारणारे प्रायमाक्विन १४ दिवस, म्हणजेच समूळ उपचार, सांगितला आहे. हे धोरण सरकारी आणि खाजगी असा भेद करत नाही. मात्र गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे आणि तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना प्रायमाक्विन देत नाहीत, त्यामुळे ते दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

उत्तर (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, बार्शी)
या वेळी औषधाचा पहिला डोस घेण्यापूर्वी काचपट्टीवर रक्तनमुना द्यावा. फाल्सिपेरम या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराचे प्रतिजन (किट ओळखते तो परजीवीचा अंश) उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहते, त्यामुळे परतलेल्या तापात केवळ झटपट तपासणीच्या किटवर विसंबणे बरे नव्हे. अहवालावर नुसते ‘मलेरिया पॉझिटिव्ह’ लिहिलेले असेल, तर प्रकार लिहून मागा. फाल्सिपेरमला एसीटी (आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध) आणि प्रायमाक्विनचा एकच डोस लागतो. प्रकारच माहीत नसेल, तर डॉक्टरांनी योग्य औषध निवडावे कसे?

उत्तर (आशा कार्यकर्ती)
चौथ्या-पाचव्या दिवशी ताप गेलेला असतो, माणूस कामावर जातो आणि प्रायमाक्विनच्या उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. म्हणून मी रिकामे पाकीट प्रत्यक्ष पाहते. गोळी जेवल्यावर घ्यावी, आणि लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर ती थांबवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात यावे.

प्रश्नकर्ता
आभार. वहिनी गरोदर आहेत; त्यांना ताप आल्यास काय करावे?

उत्तर (वैद्यकीय अधिकारी)
त्याच दिवशी रक्त तपासावे. व्हायव्हॅक्स निघाल्यास क्लोरोक्विन देता येते. प्रायमाक्विन मात्र देऊ नये.