‘क्वांटिटेटिव्ह एमआरआय’ला मराठीत काय म्हणावे?

अपस्माराच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘क्वांटिटेटिव्ह एमआरआय’साठी कोशात ‘परिमाणात्मक’ मिळाला, पण फिट येणाऱ्या मुलाच्या आईला तो कळेल का? शिवाय ‘अ‍ॅब्नॉर्मॅलिटी’ला ‘विकृती’ लिहायला हात धजत नाही. सुचवा.

— ‘परिमाणात्मक’ चूक नाही, पण पत्रकात ‘मोजमापाचा एमआरआय’ लिहा. नेहमीच्या एमआरआयमध्ये डॉक्टर काळ्या-पांढऱ्या छटा नजरेने पारखतात. त्या छटेला एकक नसते. यंत्र किंवा सेटिंग बदलले की तीही बदलते. मोजमापाच्या एमआरआयमध्ये त्याच ठिकाणच्या ऊतीचा टी-१, टी-२ काळ (यंत्राच्या लहरीनंतर ऊतीचा संकेत पूर्वपदावर यायला आणि विरायला लागणारा वेळ) मिलिसेकंदांत मिळतो. २०१३ साली पुढे आलेल्या ‘एमआर फिंगरप्रिंटिंग’मध्ये तर हे दोन्ही आकडे एकाच स्कॅनमधून निघतात. मग तो आकडा निरोगी माणसांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतो. मात्र १.५ आणि ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रांवर टी-१ वेगवेगळा येतो, म्हणून तुलना सारख्याच यंत्रावरच्या आकड्यांशी हवी. हे वाक्य पत्रकातून गाळू नका.

— ‘मोजमाप’ म्हटले की लोकांना गाठ किती सेंटिमीटरची, असे वाटेल ना?

— वाटेल, आणि ते अगदीच चूकही नाही. हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग) एका बाजूला आक्रसला आहे का, हे आकारमान मोजूनच ठरवतात. तिथे टी-२ वाढलेला असेल तर शंका आणखी पक्की होते. पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘आकाराचे आणि ऊतीच्या गुणधर्मांचे मोजमाप’ असे एकदा सविस्तर लिहा, पुढे नुसते ‘मोजमाप’ चालेल.

— ‘विकृती’ नकोच. विकृतिशास्त्रात तो शब्द ठीक आहे, पण घरात ‘विकृत’ ही शिवी आहे. ‘दोष’ही सरसकट नको. हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिसला, म्हणजे हिप्पोकॅम्पस आक्रसून कठीण होण्याला, ‘व्रण’ शोभतो. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसियात मेंदूचा थर गर्भातच नीट रचला गेलेला नसतो. त्याला ‘जन्मजात रचनादोष’ म्हणा. करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा तिथे पुसट असते, कधी एखाद्या खाचेच्या तळाशी दडलेली, त्यामुळे नजरेतून निसटते. आणि यंत्राला आकड्यात जे वेगळे सापडते त्याला ‘फरक’च म्हणावे. ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) आणि झटक्यांची लक्षणे त्याच जागेकडे बोट दाखवत असतील, तरच डॉक्टर त्याला दोष ठरवतात.

— पटले. असे लिहिले आहे : ‘सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. अशा रुग्णाचा एमआरआय निगेटिव्ह आला, म्हणजे मेंदूत काही बिघाड नाही. तरीही मोजमापाने एखादा फरक सापडू शकतो आणि शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.’

— दुसरे वाक्य आजच बदला. ‘एमआरआय निगेटिव्ह’ म्हणजे ‘चित्रात बिघाड दिसला नाही’. ‘बिघाड नाही’ असे छापले तर घरचे पुढची तपासणीच करणार नाहीत.