चिपळूणच्या घरी टीव्ही, नेट आणि फोन एकाच कंपनीकडे द्यावं का?

सायली_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

आईबाबा चिपळूणला असतात, मी डोंबिवलीत. बाबा ७६, आई ७१. घरात सध्या तांब्याच्या तारेवरची जुनी लँडलाइन आहे, टीव्हीला गावातल्या केबलवाल्याची केबल, आणि नेट म्हणजे बाबांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. लँडलाइन एरवी खरखरते आणि पाऊस लागला की मुकीच होते. मोबाइलला रेंज फक्त पुढच्या पडवीत. रात्री काही झालं तर आई पडवीत जाऊन फोन लावणार का, हा विचार मला झोपू देत नाही.

गेल्या आठवड्यात एका कंपनीचा मुलगा घरी येऊन गेला. फायबर, सेट टॉप बॉक्स आणि लँडलाइन, सगळं एका बिलात, ९९९ रुपयांत. सहा महिन्यांचे आगाऊ भरले तर जोडणी फुकट, वर पंधरा ओटीटी. नंबरही तोच राहील म्हणाला. बाबांना पटलंय. केबलवाला पैसे न्यायला येतो तेव्हा नेमके सुटे नसतात, फोनचं बिल वेगळ्या तारखेला, रिचार्ज तिसऱ्याच दिवशी. एकच बिल असेल तर मी इथून भरून टाकीन, त्यांना बघायलाही नको.

पण तीनही गोष्टी एका तारेवर टांगायच्या म्हटलं की मन कचरतं. आमचा ०२३५५ चा नंबर सगळ्या नातेवाइकांकडे, डॉक्टरांकडे, दूधवाल्याकडे आहे. आई टीव्हीवर संध्याकाळच्या दोन मालिका आणि सह्याद्री वाहिनी बघते, रिमोटवर नंबर दाबून. ओटीटी तिला कशाला? कोकणात राहणाऱ्या किंवा ज्यांचे आईवडील तिथे आहेत अशांनी कृपया अनुभव सांगा. पुढच्या रविवारी बाबा त्या मुलाला होकार देणार आहेत.

---

कोथरूडची_ऋता

आमच्याकडे पुण्यात तीनही एकाच कंपनीचं आहे आणि मी समाधानी आहे. एक बिल, एक ॲप. एकदा नेट गेलं तर संध्याकाळपर्यंत माणूस आला. बंडलमध्ये थोडे पैसेही वाचतात. वय झालेल्या लोकांसाठी एकच ग्राहक क्रमांक असणं मोठी सोय आहे, ती कमी समजू नका.

फक्त ९९९ म्हणजे ९९९ नव्हे. वर १८ टक्के जीएसटी लागतो, हातात बिल ११७९ चं पडतं. सहा महिन्यांचे सात हजारांच्या वर जातात. बाबांना आधीच सांगून ठेवा.

---

जुना_एक्स्चेंजवाला

सायलीताई, माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, त्यातली बरीच रत्नागिरी जिल्ह्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऋताताईंचा अनुभव खरा आहे, पण तो कोथरूडचा आहे. चिपळुणात प्लॅन बघण्याआधी एकच गोष्ट विचारा: तार तुटली तर येणार कोण, आणि कुठून? कंपनीचं नाव मुंबईचं असतं, पण खांबावर चढणारा माणूस गावातला असतो. बहुतेक ठिकाणी फायबर घरापर्यंत आणायचं काम स्थानिक भागीदाराकडे असतं, आणि पुष्कळदा तो पूर्वीचा केबलवालाच असतो. बीएसएनएलच्या फायबरचंही तसंच आहे. म्हणून बाबांना सांगा, त्या मुलाला काही विचारू नका. आपल्याच वाडीत त्या कंपनीचं कनेक्शन कोणाकडे आहे ते शोधा आणि त्या घरी विचारा: मागच्या जुलैत लाइन गेली होती का, आणि गेली तर किती दिवसांनी माणूस आला? पावसाळा सोडून दिलेलं प्रशस्तिपत्र आपल्याकडे कामाचं नाही.

आता फोन. तांब्याच्या लँडलाइनला घरची वीज लागत नाही. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच तारेतून घरापर्यंत येतात. लाइट गेली तरी जुना डबा वाजायचा तो म्हणूनच. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. घरात भिंतीवर जो डबा बसवतात, ओएनटी म्हणतात त्याला, तो तुमच्या घरच्या विजेवर चालतो आणि फोन त्याच्या पाठीत खोचलेला असतो. लाइट गेली की नेट गेलं, फोन गेला, आणि टीव्हीही त्याच तारेवर असेल तर तोही गेला. चिपळुणात जून ते सप्टेंबर लाइट कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. विकायला येणारा मुलगा हे सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही.

उपाय अवघड नाही. ओएनटी बहुतेक १२ व्होल्टवर चालतो. त्यासाठी छोटे यूपीएस मिळतात, पुस्तकाएवढे, चांगला असला तर काही तास निघतात. घेण्याआधी ओएनटीच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचा आणि तेवढ्याच ताकदीचा घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याहून बरं, ओएनटी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावून घ्या. बसवणारा मुलगा टीव्हीच्या कपाटात सोयीचं दिसेल तिथे ठोकून मोकळा होतो, त्याला तिथेच थांबवा.

घर चिऱ्याचं आहे का? जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड असतात. वायफाय त्यातून धड जात नाही, ५ गिगाहर्ट्झचं तर दुसऱ्या खोलीतही पोचणार नाही. डबा घराच्या मधोमध, उंचावर, दाराच्या रेषेत हवा. हे जमलं तर तुमची पडवीची काळजी बरीचशी मिटेल. कारण बहुतेक नव्या मोबाइलमध्ये वायफाय कॉलिंग असतं. सेटिंगमध्ये ते चालू केलं की रेंज नसलेल्या खोलीतूनही नेहमीच्या नंबरवरून नेहमीसारखा फोन लागतो. आईच्या उशाशी मोबाइल चालला पाहिजे, तुमचा खरा प्रश्न हा आहे.

नंबरचं. मोबाइलचा नंबर कंपनी बदलून नेता येतो, २०११ पासून देशभर. लँडलाइनला ती सोय नाही. दुसऱ्या कंपनीकडे गेलात की ०२३५५ चा जुना नंबर सुटला. तो मुलगा 'तोच राहील' म्हणाला असेल तर त्याच्याकडून ते कागदावर घ्या, देणार नाही. ज्या कंपनीची तांब्याची लाइन आहे तिच्याच फायबरवर गेलात तर मात्र नंबर बहुतेक वेळा कायम ठेवता येतो. एक्स्चेंजमध्ये जाऊन अर्जावर तसं लिहून द्या, आणि तोपर्यंत जुनी लाइन बंद करायचा अर्ज चुकूनही देऊ नका. एकदा नंबर परत गेला की मिळवताना नाकी नऊ येतात.

---

आग्नेयेची_डिश

मी गुहागरकडचा. टीव्हीबद्दल बोलतो.

टीव्ही वेगळाच ठेवा. आमच्या वाडीत फायबर आंब्याच्या फांदीवरून नेलंय. वादळात फांदी मोडते, एरवी वानरं तारेवर झोके घेतात. हायवेच्या कामात जेसीबीने उखडलं की पाच गावं बंद. तेव्हा निदान बातम्या तरी दिसल्या पाहिजेत.

डीडी फ्री डिशला महिन्याचं काहीच द्यावं लागत नाही, बॉक्स आणि छत्रीचा एकदाच खर्च. सह्याद्री त्यावर आहे. पण आईंच्या मालिका ज्या वाहिन्यांवर आहेत त्या त्यावर आहेत का, ते आधी एखाद्याच्या घरी बघून या. नसतील तर साधं डीटीएच किंवा आहे तीच केबल. २०१९ पासून लागतील तेवढ्याच वाहिन्या निवडून घेता येतात. केबलवाला सगळा गठ्ठा गळ्यात मारत असेल तर त्याला यादी लिहून द्या.

छत्री लावताना आग्नेयेकडे माड नको. फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून त्याच दिशेला दिसतो. आज झावळी खाली असेल, दोन वर्षांनी आड येईल. आणि मुसळधार पावसात छत्रीवरचं चित्र थोडा वेळ जाणारच, त्यासाठी तक्रार करून उपयोग नाही. सर ओसरली की येतं.

---

सायली_डोंबिवली

काका, किती मोलाचं लिहिलंत. काल रात्रीच बाबांना वाचून दाखवलं. घर चिऱ्याचंच आहे, आणि इन्व्हर्टर फक्त माजघरातल्या पंख्याला आणि दिव्याला जोडलाय. माजघर अगदी मध्ये येतं, म्हणजे डबा तिथेच बसेल.

शेजारच्या काकूंकडे त्याच कंपनीचं नेट आहे. बाबा जाऊन आले. मागच्या पावसाळ्यात गणपतीच्या आधी गेलेलं कनेक्शन विसर्जन झाल्यावर आलं म्हणाल्या. कॉल सेंटरवाले दर वेळी नवा तक्रार क्रमांक द्यायचे. उलट जुन्या लँडलाइनच्या कंपनीचं फायबर खालच्या आळीत दोन घरी आहे, आणि तिथला माणूस बाबांच्या ओळखीचा निघाला.

मग नेट आणि फोन तिकडे, टीव्ही केबलवरच, असं करू का? दोन बिलं होतील, पण मी इथून भरीन. आणि स्पीड किती घेऊ? तो मुलगा १०० एमबीपीएसच्या खाली बोलतच नव्हता.

---

ग्राहक_मंच_सांगली

बिलाबद्दल एक. नोंदणीचा मोबाइल क्रमांक बाबांचा ठेवा, पण पर्यायी म्हणून तुमचा द्या. नाहीतर प्रत्येक ओटीपीसाठी त्यांना पडवीत जावं लागेल.

तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, वहीत लिहून ठेवायचा. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथे पहिल्या तक्रारीचा नंबर लागतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्रं लिहून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीतही बोलतात.

सहा महिन्यांचे आगाऊ अजिबात भरू नका. आधी महिन्याचं घ्या, पावसाळा जाऊ द्या, मग वर्षाचं बघा.

---

जुना_एक्स्चेंजवाला

सायलीताई, अगदी तसंच करा. ओळखीचा लाइनमन हा कुठल्याही प्लॅनमध्ये न लिहिलेला फायदा आहे.

स्पीड ३० ते ५० पुरे. एचडी चित्राला ५ ते ८ एमबीपीएस लागतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. तुम्ही मुलांना घेऊन मे महिन्यात गेलात तरी अडणार नाही. वाचलेल्या पैशात यूपीएस येईल, आणि इन्व्हर्टर असला तरी तो घ्याच. इन्व्हर्टरची बॅटरी पंखा ओढून संपवतो, डब्याला मग काही उरत नाही.

जोडणीच्या दिवशी बाबांनी तिथे उभं राहून तीन गोष्टी बघाव्यात. फायबर खिडकीच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडलेलं नको, हाताच्या पंज्याएवढा गोल वळसा हवा. बाहेरून येणारी तार भिंतीत शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवायची, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, घरात येत नाही. आणि मुलाला मीटर लावून फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पातळी दाखवायला सांगा. उणे २० डीबीएमच्या आसपास असली तर छान. उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८, २९ असेल तर आज चालेल आणि पहिल्या पावसात बंद पडेल, म्हणून मुलगा तिथे असतानाच जोड पुन्हा करून घ्या, तो गेल्यावर नाही.

डब्यावर 'लॉस' (LOS) नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकला की तार बाहेर कुठेतरी तुटलीय, घरात काही दाबून उपयोग नाही, सरळ लाइनमनला फोन. कुठलाच दिवा लागला नाही तर वीज नाही. आईंना एवढे दोन फरक सांगून ठेवा, म्हणजे त्या तुम्हाला फोनवर नेमकं सांगू शकतील.

आणि नव्या फोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावायचं. २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून तसं लागतं. फोनशेजारच्या वहीत तुमचा नंबर शून्य लावूनच लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात.