मदत हवी आहे: बायकोचं घोरणं, एकच खोली आणि तपासणीला तिचा नकार

नमस्कार मंडळी,

माझी बायको झोपेत घोरते. पूर्वीही थोडंफार घोरायची, पण पाळी गेल्यापासून आवाज फारच वाढलाय. दुसऱ्या खोलीत आई आणि मुलगी झोपतात, तेव्हा ‘वेगळ्या खोलीत झोपा’ हा सल्ला आमच्या उपयोगाचा नाही. उशी घेऊन बाहेर सोफ्यावर गेलो तर मला झोप लागते, पण सकाळी तिचा चेहरा उतरलेला असतो. ‘माझ्यामुळे तुम्हाला बाहेर झोपावं लागलं,’ हे ती इतक्या अपराधी सुरात म्हणते की पुन्हा सोफ्याकडे जायचा धीर होत नाही.

झोपमोडीचं रडगाणं लांबवत नाही. दुपारी कामावर डोळे मिटतात, संध्याकाळी घरात चिडचिड होते, एवढं सांगितलं तरी पुरे. धागा काढला तो तिच्या काळजीपोटी.

मध्यंतरी नातेवाइकांबरोबर सहलीला गेलो होतो. सगळ्या बायका एका खोलीत झोपल्या. सकाळी सगळे जमल्यावर कुणीतरी तिच्या घोरण्याची नक्कल केली. सगळे हसले, तीही हसली. तेव्हापासून तिनं कुणाकडे मुक्कामाला जाणंच सोडलं. घरीही रात्री ‘तुम्ही झोपा, मला अजून झोप येत नाहीये’ म्हणत पुस्तक घेऊन बसते. मला गाढ झोप लागेपर्यंत ती मुद्दाम जागी राहते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. डोळ्यांवर झापड असते, पुस्तक हातातून घसरतं, ते उचलून ती पुन्हा तेच पान उघडते. बघवत नाही हो. पुरुष घोरला तर ‘दमलाय बिचारा’ आणि बाई घोरली की तिची टिंगल, याचा मला मनापासून राग येतो.

आणखी एक गोष्ट आहे, तिची मला भीती वाटते. जोरात घोरणं चालू असताना मध्येच सगळं एकदम थांबतं. छातीवरचं पांघरूण हलत नाही. मी अंधारात मनातल्या मनात आकडे मोजत राहतो. दहाच्या पुढे जातो, कधी पंधराच्याही. मग घशातून गचका बसल्यासारखा आवाज येतो, ती कूस बदलते आणि घोरणं पुन्हा सुरू. सकाळी तिला यातलं काहीच आठवत नाही. डोकं जड, तोंड कोरडं आणि दिवसभर थकवा. फॅमिली डॉक्टरांनी ‘या वयात होतं, वजन जरा कमी करा’ एवढ्यावर भागवलं. मी घोरण्याचा विषय काढला, तर तिनंच तो हसण्यावारी नेला.

वाचून मला समजलं ते असं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते आणि मऊ टाळू, पडजीभ थरथरून आवाज येतो. ती वाट मिटलीच तर श्वास अडतो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये याचं प्रमाण वाढतं. शिवाय बायका बहुतेक वेळा थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं अशा तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जातात, त्यामुळे मूळ दुखणं बाजूलाच राहतं. उपचार न करता राहिलं तर रक्तदाब वाढू शकतो. तिचा रक्तदाब गेल्या वेळी नेहमीपेक्षा जास्तच निघाला होता, म्हणून मी जास्त धास्तावलोय.

पाठीमागे लोड ठेवून तिला कुशीवर झोपवलं की आवाज बराच उतरतो, पण पहाटेपर्यंत ती उताणी झालेलीच असते. नाकावरच्या पट्ट्यांचा उपयोग सर्दीत झाला, एरवी नाही. दोन उशा घेतल्या तर मान पुढे वाकून आवाज उलट वाढला. फोमचे इअरप्लग मी लावतो, पण ते मध्यरात्री गळून पडतात. आणि रात्री आईनं हाक मारली आणि ऐकूच आली नाही तर, हीही धास्ती असते.

तर तिला न दुखावता तपासणीला कसं तयार करू? तपासणीत प्रत्यक्ष काय करतात? आणि तोवर याच खोलीत मी कसा झोपू? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

मी स्वतः घोरणारी बाई आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. रात्री किंवा झोपमोड झालेल्या सकाळी हा विषय अजिबात काढू नका. त्या वेळी तुम्ही कितीही हळू बोललात तरी आम्हाला तक्रारच ऐकू येते. माझ्या नवऱ्यानं एका सुट्टीच्या दुपारी, आम्ही दोघंच असताना, सांगितलं, ‘तुझा श्वास थांबतो तेव्हा मी घाबरतो. मला तुला घेऊन डॉक्टरांकडे जायचंय.’ त्यात आवाजाचा उल्लेखही नव्हता. तोवर माझी समजूत अशी की त्याला माझा वैताग आलाय. भीती वाटते हे कळल्यावर मी त्याच आठवड्यात गेले.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर तिला आधी विचारा. न विचारता केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलंत तर सहलीतल्या त्या सकाळचीच पुनरावृत्ती होईल. तिची हरकत नसेल तर श्वास अडण्याचा तेवढा भाग ठेवा आणि तो फक्त डॉक्टरांना दाखवा.

आता मी सीपॅप वापरते. मास्कमधून हवेचा हलका दाब येत राहतो, त्यानं घशाची वाट उघडी राहते. सुरुवातीला गुदमरल्यासारखं व्हायचं. मग दिवसा बसल्या बसल्या थोडा थोडा वेळ लावून सवय केली आणि मास्कचा प्रकार बदलून घेतला. आता सकाळी डोकं दुखत नाही. खोलीत मशीनची बारीक घरघर तेवढी असते.

प्रतिसाद

मी झोपेच्या तपासण्यांचं काम करतो. दहा सेकंदांच्या पुढे श्वास थांबतो, हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. श्वास किमान १० सेकंद अडला की आम्ही तो एक प्रसंग धरतो. असे प्रसंग, आणि श्वास उथळ पडण्याचे प्रसंग, तासाला सरासरी किती होतात त्यावरून तीव्रता ठरते. ५ पेक्षा कमी असेल तर सर्वसाधारण, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. वर्णन ऐकून मी निदान करणार नाही, पण तपासणी टाळू नका हे मात्र ठामपणे सांगतो.

तपासणी घरीही होते. बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, नाकाशी बारीक नळी, छातीभोवती पट्टा. आपल्याच अंथरुणात झोपायचं. घरच्या तपासणीत काही सापडलं नाही आणि लक्षणं तशीच राहिली तर झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र काढावी लागते, तिथे मेंदूच्या लहरीही नोंदवतात. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा आणि थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइड मंदावल्यानंही घोरणं आणि थकवा दोन्ही वाढतात.

वहिनींना घोरणं या शब्दाचंच ओझं झालं असेल तर आधी एपवर्थ प्रश्नावली भरायला द्या. मरे जॉन्स या डॉक्टरांनी ती १९९१ मध्ये मांडली. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत शेजारी बसलेलं असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, अशा ८ प्रसंगांना ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप जास्त आहे असं समजतात. त्या कागदावर घोरण्याबद्दल एकही प्रश्न नाही. बेरीज कमी आली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, बायकांमध्ये झोपेपेक्षा थकवाच पुढे येतो.

ताई सीपॅपबद्दल म्हणाल्या, त्याला पुस्ती. कॉलिन सलिव्हन यांनी ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणजे ती चांगली मुरलेली आहे. सौम्य ते मध्यम त्रासात दाताचे डॉक्टर खालचा जबडा जरा पुढे धरणारं साधन बनवून देतात. घशाचे आणि जिभेचे व्यायामही आहेत. २००९ च्या ब्राझीलमधल्या अभ्यासात मध्यम त्रास असलेल्यांनी ते तीन महिने रोज केले आणि त्यांचे प्रसंग बरेच घटले. पण हे सगळं निदान झाल्यावर. झोपेच्या गोळ्या सल्ल्याशिवाय नकोत, त्यांनी घसा आणखी सैल पडू शकतो. तोंडाला पट्टी चिकटवून झोपायचे व्हिडिओ सध्या फिरतात, श्वास अडत असताना तसलं काही करू नका.

प्रतिसाद

दादा, तुमच्या झोपेबद्दल. इअरप्लग गळतो म्हणजे तो पुरता आत जात नाहीये. बोटांत फिरवून बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा. बहुतेक जण हे शेवटचंच करत नाहीत. पाकिटावर ३३ डेसिबलपर्यंतचा आकडा असतो, घरी तेवढा फरक पडत नाही, शिवाय घोरण्याचा खर्जातला आवाज फोममधून थोडा येतोच. म्हणून जोडीला पंख्याचा किंवा पावसासारखा एकसुरी आवाज लावा. तो खोलीच्या मधोमध नको, तुमच्या डोक्याकडच्या बाजूला असू द्या. आईंच्या हाकेसाठी त्यांच्या उशाशी बिनतारी बेल आणि तुमच्या मनगटावर थरथरणारं घड्याळ. तेवढी धास्ती गेली तरी झोप लवकर लागते.

तुम्ही आधी झोपायचं हे दोघांनी उघडपणे ठरवून टाका. पण वहिनींनी त्यासाठी जागत बसायचं नाही. त्यांना वेगळी आवड असेल तर त्या वेळात ती करू देत, झोप आली की सरळ येऊन झोपू देत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही सांगितलंत तसं दुपारी बोललो. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘तुम्ही रात्री मोजत बसता, हे मला कधी सांगितलं नाहीत.’ घरच्या तपासणीला तयार आहे, दवाखान्यात रात्र काढायला अजून नाही. प्रश्नावली तिनं स्वतः भरली, बेरीज १३ आली. एक विचारायचं राहिलं. ती कुशीवर झोपते, पट्टा आणि नळी लावल्यावर तसं झोपता येतं का?

प्रतिसाद

येतं. नेहमी झोपतात तसंच झोपू द्या. पट्ट्यावरचं यंत्र शरीर कोणत्या कुशीवर आहे तेही बहुधा टिपतं, त्यामुळे उताणं असताना त्रास किती वाढतो ते अहवालात कळतं. त्या रात्री पाठीमागचा लोड मात्र काढून ठेवा. बोटाला नेलपॉलिश असेल तर आधी पुसायला सांगा.