शक्तिपीठ महामार्ग: हरकतीत पुराचा मुद्दा कसा मांडायचा? मदत हवी आहे

मंडळी, वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत ८०२ किलोमीटरचा जो शक्तिपीठ महामार्ग आखलाय त्याची लाईन आमच्या शिवारातून जाणार असं कळतंय, त्यामुळे घरात कुणाला झोप नाही. जमीन जाणार हे तर आहेच, पण मला जास्त भीती पुराची वाटते. २०१९ ला पंचगंगेचं पाणी आमच्या गोठ्यात दावणीला टेकलं होतं, ऊस कितीतरी दिवस पाण्याखाली, शेंड्यापर्यंत गाळ, नंतर कांडं हातात घेतलं की कुजका वास यायचा. २०२१ ला परत तेच. आता मधेच मातीचा भराव टाकून रस्ता उचलला तर पाणी तुंबून जाणार कुठं? रत्नागिरी-नागपूर हायवे असताना हा कशाला, हे पण कुणी नीट सांगत नाही.

भरावाची उंची, पाणी जायला रस्त्याखाली मोऱ्या किती, हे माहिती अधिकारात मागता येतं का? सातबारा सामाईक आहे, तर हरकत प्रत्येकानं वेगळी द्यायची की एकच चालते? आणि पर्यावरणाच्या जनसुनावणीत लेखी काय काय द्यावं? पुराचे फोटो आहेत, पंचनाम्याची कॉपी पण आहे. कुणी अशी हरकत दिली असेल तर नमुना टाका प्लीज.